बाईंच्या निरोपाला या, पण निकालाचे टक्के सांगू नका

मा. शिक्षणमंत्री, गोवा राज्य, पर्वरी यांस,

स. न. वि. वि.

सत्तरी तालुक्यातल्या आमच्या उच्च माध्यमिक विद्यालयाच्या प्राचार्या या महिनाअखेर निवृत्त होत आहेत. (नाव लिहीत नाही. बाईंना ते खपणार नाही.) निरोप समारंभाला आपण येणार असे कळले. जरूर या. फक्त बारावीच्या निकालाचे टक्के सांगून त्यांचा गौरव करू नका. टक्क्यांत आमचे विद्यालय कधीच फार पुढे नव्हते.

बाईंचे खरे काम निकाल लागल्यावर सुरू व्हायचे. पास झालेले पोर पुढे गेले कुठे? एका जाड वहीत त्या लिहून ठेवत: नाव, वाडा, कॉलेज, आणि पहिल्या वर्षानंतर टिकले की नाही. कॉलेज सोडलेल्याच्या घरी स्वतः जात. तिथे ऐकायला मिळे ते असे: रहिवासी दाखला वेळेत हाती आला नाही. शेवटची कदंब बस चुकली तर मुलगी घरी कशी येणार, म्हणून बापाने नको म्हटले. सर इंग्रजीतून भराभर सांगतात ते उतरवून घेता येईना, मग लाजेने जाणेच बंद केले.

हे शेवटचे कारण बाईंनी सर्वांत मनावर घेतले. आमची प्राथमिक शाळा मराठीतून, पाचवीपासून इंग्रजी. बारावीपर्यंत गाईड पाठ करून निभावते, कॉलेजात नाही. म्हणून दर शनिवारी त्या फळ्यावर एक अक्षरही न लिहिता पाऊण तास इंग्रजीतून बोलत आणि नंतर प्रत्येकाची वही तपासत. त्या शनिवारांना आम्ही भयंकर वैतागायचो. डिसेंबरात सगळ्यांना दाखल्यांसाठी मामलेदार कार्यालयात पिटाळायचे. जानेवारीत साखळीच्या सरकारी महाविद्यालयाची फेरी, तीही पालकांसह. आयांना तर आग्रहाने न्यायच्या. ग्रंथालय, मुलींचे स्वच्छतागृह, बस कुठे थांबते, सगळे त्यांना दाखवायच्या. कॉलेजला पाठवायचे की नाही हे शेवटी स्वयंपाकघरात ठरते, हे बाईंना पक्के ठाऊक. सरकारचे बिनव्याजी शैक्षणिक कर्ज मिळते, हेही आमच्या वाड्याला त्यांच्याच तोंडून कळले.

आता तर गुंता वाढला आहे. 2023-24 पासून गोवा विद्यापीठाच्या कॉलेजांत चार वर्षांची पदवी आली. मेजर म्हणजे मुख्य विषय कोणता, मायनर म्हणजे दुय्यम कोणता? घरात कोणी पदवीधर नसेल तर सतरा वर्षांच्या पोराने हे विचारायचे कोणाला? 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला 2035 पर्यंत उच्च शिक्षणातील नोंदणी 50 टक्क्यांवर न्यायची आहे. नोंदणी मोजली जाईलच. मधेच गळालेल्यांचा हिशेब खात्यात कोण ठेवतो?

बाईंनी हे सारे पदरच्या वेळेत केले. त्यांच्या जागी येणाऱ्यावर तशी सक्ती नाही आणि केवळ हौसेवर ते चालूही नये. म्हणून मागणी अशी: प्रत्येक उच्च माध्यमिक विद्यालयात एका शिक्षकाच्या तासिका कमी करून त्याला हे काम रीतसर द्या. बारावीनंतर दोन वर्षांनी विद्यार्थी कुठे आहेत, याची नोंद शिक्षण खात्याने विद्यालयांकडून मागवावी. शिक्षकदिनाचे पुरस्कार ठरवतानाही ती नोंद पाहावी.

परिपत्रक काढायचे झाल्यास नोव्हेंबरपूर्वी काढावे. डिसेंबरात दाखल्यांची धावपळ सुरू होते.

आपली,
सत्तरीतील एक माजी विद्यार्थिनी