सोमवारी त्याला काढू नकोस

शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर
रविवार

प्रिय सुध्या,

तुझं पत्र मिळालं. स्टोअरकीपर चावी घरी घेऊन गेला आणि दुपारपर्यंत लाइन बंद, हे वाचून आधी हसूच आलं, रागावू नकोस. पुढे 'सोमवारी त्याला काढूनच टाकतो' असं लिहिलंयस. लेका, सोमवारी असलं काही करू नकोस. आधी आमच्या तात्याचं ऐक.

तात्या आमचा सीएनसीचा सेटर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनची जुळणी करणारा. मालकांनी भाड्याच्या शेडमध्ये जुन्या लेथवर धंदा सुरू केला तेव्हापासूनचा. कास्टिंगवर पहिला कट गेला की आवाजावरून सांगणार, माल हार्ड आलाय, इन्सर्ट (कापणारं पातं) टिकायचा नाही. मी प्रॉडक्शन बघायला आलो तेव्हा हा सातच्या शिफ्टला पावणेआठला यायचा. मग चहा, मग तंबाखू, मग मशीन. पोरांना उशीर झाला की अर्धा दिवस कट, तात्याला बोलायची कुणाची टाप नव्हती. मी बोललो तर म्हणाला, "साहेब, तुम्ही कालचे. मालकांना विचारा." मालक म्हणाले, "जाऊ दे, जुना माणूस आहे."

उशीर एक वेळ चालवून घेतला असता. पण आमच्या एका हाउसिंगचा बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, ५२ एच७ आहे. म्हणजे ५२ मिलिमीटरच्या खाली जायचं नाही आणि वर फक्त ३० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे ३० हजारावे भाग. इन्सर्ट झिजेल तसा बोअर लहान येत जातो, म्हणून ऑफसेट, म्हणजे मशीनला दिलेली टूलच्या मापाची दुरुस्ती, थोडा थोडा वाढवत न्यायचा. नवा इन्सर्ट लावला की तो वाढवलेला ऑफसेट काढायचा आणि पहिला पीस बोअर गेजने तपासायचा. तात्याने इन्सर्ट बदलला, ऑफसेट तसाच ठेवला, गेजला हात लावला नाही. बोअर लहान आला असता तर परत फिरवून घेता आला असता. मोठा झाला की थेट भंगार. क्वालिटीच्या मुलीच्या लक्षात येईपर्यंत अख्खी ट्रॉली गेली होती. तात्या म्हणतो, "गेज चुकतंय." तिने त्याच्यासमोर मास्टर रिंगवर, म्हणजे नेमक्या मापाच्या कडीवर, गेज लावून दाखवला, अगदी बरोबर. हा डबा खायला निघून गेला!

असा माणूस आळशी नसतो, सुध्या. आपल्यावाचून पान हलत नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं, आणि खरंच हलत नसतं. सगळ्या जॉबची सेटिंग तात्याच्या डोक्यात आणि एका काळ्या वहीत, वही त्याच्या लॉकरमध्ये. तोवर मेमो देऊन काय उपयोग? म्हणून मी आधी वहीच्या मागे लागलो. आयटीआयची दोन पोरं त्याच्या हाताखाली दिली. तो सेटिंग करणार, पोरं शीट भरणार: प्रोग्रॅम नंबर, टूल, स्पीड, क्लॅम्पिंग, ऑफसेट. खाली 'सेटर' म्हणून तात्याची सही. ती सही त्याला आवडली. पोरांना शिव्या घालत का होईना, त्याने शिकवलं. दिवाळीपर्यंत एक पोरगा एकटा सेटिंग करायला लागला.

मग मी त्याला केबिनमध्ये बसवलं, दार लावून. शॉपफ्लोअरवर चारचौघांत अजिबात नाही. 'तुमची वृत्ती' हा शब्द काढला नाही. तो काढला की समोरचा पहिल्या शेडपासूनचा इतिहास सांगतो. रिजेक्शनचं रजिस्टर उघडलं: ही तारीख, हा जॉब, इतके पीस, तपासणीचा रकाना कोरा. सात म्हणजे सात, आणि इन्सर्ट बदलला की पहिल्या पीसवर सही, एवढंच सांगितलं. त्याआधी मालकांकडून शब्द घेतला होता की तात्या आला तर "साहेबांशी बोल" एवढंच म्हणायचं. सगळ्यात अवघड काम ते. तात्या गेलाच. मालकांनी चहा पाजला आणि तेवढंच म्हणाले.

आता तो वेळेवर येतो, सही करतो. माझ्याशी मात्र बोलत नाही. मी समोर उभा असलो तरी पोराला म्हणतो, "त्यांना सांग, कूलंट संपत आलंय." चालतंय मला.

आता तुझं. कायम कामगाराला 'उद्यापासून येऊ नको' असं तोंडी सांगून भागत नाही. आरोपपत्र, खुलाशाला मुदत, चौकशी, मग निर्णय. चौकशीपुरतं निलंबित केलंस तरी पहिले ९० दिवस निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून द्यावा लागतो. चौकशीच केली नाहीस तर कोर्टातून मागच्या पगारासकट परत घ्यायची पाळी येऊ शकते. आणि बारा वर्षांची नोकरी आहे म्हणतोस, तर ग्रॅच्युइटीचा हिशेब करून ठेव: शेवटचा बेसिक व डीए भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. २०,००० धरलेस तर १,३८,००० च्या वर जातात. तो त्याचा हक्क आहे, तिथे घासाघीस नको.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस. त्याची शेवटची पगारवाढ कधी झाली? मुद्दाम विचारतोय.

तोवर स्टोअरची दुसरी चावी करून स्वतःकडे ठेव, आणि स्टॉकची मोजणी लाव. मोजायला त्यालाच बरोबर घे, एक पोरगाही दे. कुठला माल कुठे आहे ते रॅकवर लिहून निघालं की मला कळव, मग काढायचं की ठेवायचं ते बोलू. फोन रात्री आठनंतर कर.

वहिनींना नमस्कार, पिंट्याला आशीर्वाद.

तुझा,
दिलीप