सूचना : रविवारचा बुद्धिबळाचा सांघिक सामना आणि शनिवारचा सराव

सर्व सभासद व पालकांना नमस्कार.

येत्या रविवारी लातूरचा संघ आपल्याकडे परभणीत खेळायला येत आहे. चार पटांचा (प्रत्येक संघाचे चार खेळाडू) सामना सकाळी साडेनऊला नेहमीच्या हॉलमध्ये सुरू होईल. खेळाडूंनी नऊलाच यावे. सेलू, मानवत, पाथरीहून एसटीने येणाऱ्यांनी पहिली गाडी धरावी.

पटांचा क्रम, म्हणजे कोण कोणत्या पटावर खेळणार, शनिवारी संध्याकाळी सहाच्या सरावात ठरेल, मग बदलणार नाही. सराव चुकवणाऱ्याला खेळवणार नाही, तो कितीही चांगला खेळत असला तरी. दिव्या देशमुखने 2025 मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आपल्याकडे मुली उत्साहाने येत आहेत. म्हणून किमान एक पट मुलीला द्यायचाच.

लक्षात ठेवा :

• प्रत्येकी 60 मिनिटे आणि दर चालीला 30 सेकंद जादा. त्यामुळे चाली शेवटपर्यंत लिहाव्याच लागतील. पेन आणा.
• हात लावलेली सोंगटी चालावीच लागते. नुसती नीट ठेवायची असेल तर आधी सांगा.
• कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणे) करताना आधी राजा उचला, आणि एकाच हाताने. आपली बरीच मुले घाईत आधी हत्तीला हात लावतात. मग त्या बाजूचे कॅसलिंग करता येत नाही, हत्तीच चालावा लागतो. शनिवारी हेच घोटून घेऊ.
• ज्या हाताने चाल, त्याच हाताने घड्याळ दाबा.
• मोबाइल दारातच जमा करावेत. खेळाडूच्या खिशात सापडला तर डाव गेला.

पालकांनी पटाजवळ उभे राहू नये, मुले बिचकतात. बसायची सोय बाहेरच्या व्हरांड्यात केली आहे.

ज्यांच्याकडे क्लबची घड्याळे आहेत, त्यांनी ती शनिवारीच आणून द्यावीत.