ताई, भाषा नंतर ठरव. आधी बाबांची वही उघड

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

"वेबपान बनवायला प्रोग्रॅमिंगची कोणती भाषा घेऊ, पायथन शिकू की जावास्क्रिप्ट?" असं तू फोनवर विचारलंस आणि तेवढ्यात मला कामावरून बोलावणं आलं. तुमची रात्र होते तेव्हा माझा कामाचा दिवस ऐन भरात असतो, त्यामुळे हे बोलणं फोनवर नीट होणारच नाही. म्हणून लिहायला बसलो.

नवशिके पहिल्यांदा हाच प्रश्न विचारतात आणि मग त्यातच अडकून पडतात. एक भाषा थोडी करायची, कुणी दुसरीची स्तुती केली की तिकडे वळायचं, असं चालतं. तुला तर काय बनवायचंय ते ठाऊक आहे. बाबांनी वाचलेल्या पुस्तकांच्या नोंदींची वही घरातल्या सगळ्यांना पाहता यावी, असं तू मागेच बोलली होतीस. मग कोणती भाषा लागेल ते त्या वहीलाच ठरवू दे.

नोंदी नुसत्या दाखवायच्या असतील तर पायथनही नको आणि जावास्क्रिप्टही नको. एचटीएमएल, म्हणजे मजकुरातलं काय काय आहे हे ब्राउझरला सांगणाऱ्या खुणा, तेवढं पुरे. साध्या नोटपॅडमध्ये फाइल उघडायची, हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी अशा खुणा मजकुराभोवती करायच्या, 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' नावाने ठेवायची आणि ब्राउझरमध्ये उघडायची. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली ती शास्त्रज्ञांना एकमेकांची माहिती सहज मिळावी म्हणून. वेबवरच्या पहिल्या संकेतस्थळाची प्रत सर्नने जपून ठेवली आहे. उघडून बघ, मजकूर आणि दुवे याखेरीज त्यात काही नाही. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे सगळं तंत्रज्ञान कुणालाही विनामूल्य वापरता येईल असं खुलं केलं. आज तू कुणाची परवानगी न घेता पान बनवू शकतेस ते त्यामुळेच, आणि मला या निर्णयाबद्दल मनापासून आदर वाटतो.

फाइलच्या सुरुवातीला दोन गोष्टी विसरू नकोस: अक्षरसंच यूटीएफ-८ (मराठीसकट सगळ्या लिप्या साठवायची पद्धत) आहे हे ब्राउझरला सांगणारी 'मेटा' ओळ, आणि पानाची भाषा मराठी आहे ही खूण. पहिली नसेल तर बाबांच्या नोंदींच्या जागी भलतीच चिन्हं दिसण्याची शक्यता असते. दुसरीमुळे पान मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या साधनांना कोणत्या भाषेत वाचायचं ते कळतं. सीएसएसचं, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांचं, फार टेन्शन घेऊ नकोस. रंग आणि समास हळूहळू जमतील. फक्त दोन ओळींमधलं अंतर जरा सैल ठेव, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफारांना टेकतात.

जावास्क्रिप्ट कधी लागेल? लेखकाचं नाव टाकलं की तेवढीच पुस्तकं दिसावीत असं वाटेल तेव्हा. (जावा ही वेगळी भाषा आहे, तिचे धडे चुकून सुरू करू नकोस.) इथून पुढे खरं प्रोग्रॅमिंग. एचटीएमएलमध्ये काही राहून गेलं तर ब्राउझर सांभाळून घेतो, जावास्क्रिप्टमध्ये मात्र चूक झाली की त्या जागीच काम थांबतं. पडद्यावर काहीच घडत नाही आणि माणूस गोंधळतो. अशा वेळी एफ-१२ दाबून कन्सोल, म्हणजे ब्राउझर चुका दाखवतो ती खिडकी, उघडायचा. तिथे लाल अक्षरांत बहुधा 'कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ नल' असं काहीतरी दिसेल, शेजारी फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक असेल. अर्थ इतकाच की पानाच्या ज्या भागाला, समजा नाव टाकायच्या चौकटीला, तू हात घालतेयस ती त्या क्षणी पानावर सापडली नाही. एक तर आयडीचं (त्या चौकटीला तू दिलेल्या नावाचं) स्पेलिंग दोन ठिकाणी वेगळं आहे, नाहीतर पान पूर्ण तयार व्हायच्या आधीच स्क्रिप्ट, म्हणजे तुझा जावास्क्रिप्टचा कोड, चालली. दुसरं असेल तर बाहेरून जोडलेल्या स्क्रिप्टच्या खुणेत 'डिफर' हा शब्द घातला की काम होतं. ताई, ही लाल ओळ शांतपणे शेवटपर्यंत वाचायची सवय लागली ना, तर निम्मं शिक्षण झालं म्हण. मी कामावर रोज तेच करतो.

जावास्क्रिप्टची पहिली आवृत्ती ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीत दहा दिवसांत उभी केली. तिच्यातल्या काही जुन्या खोडी अजून तशाच आहेत, कारण त्या बदलल्या तर जगभरची जुनी पानं मोडतील. म्हणून दोन पुस्तकांच्या पानसंख्यांची बेरीज करताना १२० आणि ९५ मिळून २१५ न येता १२०९५ आलं तर घाबरू नकोस. चौकटीत टाइप केलेलं सगळं तिच्या लेखी मजकूर असतं, आणि दोन मजकुरांमध्ये अधिक चिन्ह आलं की ती ते जोडून टाकते. आधी त्यांचं आकड्यात रूपांतर करावं लागतं.

इथे बाबांच्या वहीमुळे तुला असं काही भेटेल जे शिकवण्यांमध्ये सहसा नसतं. बाबा सालं देवनागरी अंकांत लिहितात. '१९६२' हा मजकूर जावास्क्रिप्टला आकडा करायला सांगितलास तर 'नॅन', म्हणजे हा आकडाच नव्हे, असं उत्तर येतं. तोच मजकूर पायथनला दिलास तर ती मुकाट्याने १९६२ ही संख्या हातात ठेवते. भाषांमधले नियम माणसांनी ठरवलेले असतात आणि ते एकसारखे नसतात, हे मला पुस्तकांपेक्षा अशा उदाहरणांतून जास्त कळलं.

आणखी एक. 'दुसऱ्या' हा शब्द तू शोधलास आणि समोर दिसत असूनही सापडला नाही, असं होऊ शकतं. त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक प्रत्येक अक्षराला जो क्रमांक देतो त्या पद्धतीत, एकाहून अधिक प्रकारे लिहिला जातो. एका कीबोर्डवर नुक्त्याच्या 'ऱ'ला हलंत जोडून, दुसऱ्यावर साध्या 'र'ला हलंत आणि त्यापुढे न दिसणारं एक जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला दोन वेगळे शब्द. जावास्क्रिप्टमधलं 'नॉर्मलाइझ' नुक्त्याची वेगवेगळी रूपं एकसारखी करतं, पण या जोडचिन्हाला हात लावत नाही. ते तुलाच एका ओळीत बदलून घ्यावं लागेल. यादी अकारविल्हे लावतानाही तेच. नुसतं 'सॉर्ट' वापरलंस तर 'क्ष'ची पुस्तकं 'क'च्या मागोमाग येऊन बसतात, कारण यंत्र अक्षरांचे क्रमांक बघतं. त्यासाठी 'लोकेलकंपेअर' आहे, त्याला भाषा मराठी असल्याचं सांगायचं. हे काम कंटाळवाणं वाटेल, पण मला फार मोलाचं वाटतं. मराठी नीट शोधता येईल अशी पानं आपल्यासारख्यांनीच बनवायची आहेत.

नोंदी वाढल्या की त्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवाव्याशा वाटतील. तेव्हा पान नुसतं डबल क्लिक करून उघडलंस तर ब्राउझर ती दुसरी फाइल सुरक्षेपोटी वाचू देणार नाही. आपल्याच संगणकावर छोटा सर्व्हर, म्हणजे मागेल त्या ब्राउझरला फाइली देणारा प्रोग्रॅम, चालवावा लागतो, आणि पायथन इन्स्टॉल केलेलं असेल तर ते एका आज्ञेचं काम आहे. खरी पायथनची वेळ त्यानंतर येईल. आईला तिच्या फोनवरून नोंद घालायची असेल आणि ती तुलाही दिसायला हवी असेल, तर नोंदी इंटरनेटवरच्या सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये राहायला हव्यात. तिथे पायथन, पीएचपी ही आणखी एक भाषा किंवा सर्व्हरवर चालणारी जावास्क्रिप्ट, काहीही चालेल. तोवर एक भाषा हातात बसलेली असेल, म्हणून मी म्हणेन जावास्क्रिप्टच पुढे ने.

एआयकडून कोड लिहून घ्यावा का, असंही तू विचारलं होतंस. सुरुवातीला नको. अडलीस तर लाल ओळ त्याला दाखव आणि कारण विचार, पण दुरुस्ती स्वतः टाइप कर. तयार कोड चिकटवला तर पान चालतं, पण पुढच्या वेळी तीच अडचण आली की पुन्हा त्याच्याकडेच जावं लागतं. तुला शिकायचंय, नुसतं उरकायचं नाहीये, हे तुझ्या बोलण्यातून मला स्पष्ट कळत होतं.

आता एवढंच कर: बाबांना विचारून वहीची पहिली दोन पानं टाइप कर आणि नोंदी लेखकाच्या नावाने लावायच्या की वर्षाने, हे त्यांनाच ठरवू दे. त्यांचा क्रम कळला की यादी कशी मांडायची ते आपोआप सुचेल. फाइल मला पाठव. चालत नसेल तर तशीच पाठव, सोबत कन्सोलमधली ओळ जशीच्या तशी कॉपी करून. रविवारी सकाळी मी मोकळा असतो, तेव्हा स्क्रीन शेअर करून बसू.

आई-बाबांना सा. नमस्कार, भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ