बामणोलीच्या आबांना, चिपळूणकरांकडून

आदरणीय आबा,
सप्रेम नमस्कार.

कोयनेच्या जंगलातल्या वासोटा किल्ल्यासाठी दर हिवाळ्यात चिपळूणहून आमच्यासारखे गट निघतात. कुंभार्ली घाट, पाटण, उंब्रज, सातारा, कास आणि मग बामणोली, असा साडेचार-पाच तासांचा फेरा. सगळ्यांच्या डोक्यात गड असतो. शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, हे बोटीनं ओलांडायचं मधलं पाणी, एवढंच. हा अख्खा दिवस पाण्याच्या वेळेनं चालवावा लागतो हे आमची बोट नेणाऱ्या तुमच्यामुळे कळलं, म्हणून हे उघड आभारपत्र.

तुम्ही हिशोब शेवटाकडून मांडता. अंधाराआधी बोट बामणोलीला लागली पाहिजे. पाण्यावर दीड तास जातो, म्हणजे गडाच्या पायथ्याच्या मेट इंदवलीहून साडेतीनला सुटायचं. उतरायला पावणेदोन तास, म्हणून पावणेदोनला गडाकडे पाठ फिरवायची. चढायला दोन तास, जेवण आणि गडावरून दिसणारा बाबुकडा हा उभा कडा बघणं मिळून पावणेदोन. म्हणजे दहाला पाऊल वाटेला लागलंच पाहिजे आणि बामणोलीहून बोट आठला सुटली पाहिजे. हे जंगल २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, गडावर मुक्कामाला परवानगी नाही. सकाळी गेलेला तास संध्याकाळी भरून निघत नाही. म्हणून चिपळूणहून पहाटे निघून त्याच दिवशी गड करायचा हट्ट धरू नये, आदल्या रात्री बामणोलीत किंवा साताऱ्यात टेकावं, हा तुमचा सल्ला आम्ही आता सगळ्यांना देतो.

तो तास बहुतेक वेळा वनखात्याच्या कचेरीसमोर जातो. नावांची यादी, वयं, प्रत्येकाच्या ओळखपत्राची झेरॉक्स, सगळं घरून तयार आणायचं. बोटीचं भाडं अख्ख्या बोटीचं असतं, माणशी नव्हे. माणसं आदल्या दिवशीच जमवलेली बरी.

आणि तुमचं बोट भरणं! जड सॅक तळाला, मधोमध. माणसं दोन्ही बाजूंना सारखी. लाइफ जॅकेटचे पट्टे तुम्ही स्वतः ओढून बघता, फोटोसाठी उठलेल्याला खाली बसवता. दुपारनंतर वारा सुटतो आणि पाणी उसळायला लागतं, तेव्हा लाट अंगावर आडवी न घेता नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर घेता. वेळ थोडा जास्त लागतो, पण बोट डुलत नाही. आमच्या दाभोळ खाडीतले तांडेल हेच करतात.

उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा काठाचा गाळ वरून वाळलेला दिसतो. पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. तुम्ही दाखवलेल्या दगडांवरूनच उतरायचं, हे नव्या माणसाला पटेपर्यंत त्याचा एक बूट गेलेला असतो.

मेट इंदवलीच्या चौकीवर सॅक उघडून प्लास्टिकची मोजणी होते, आकडा वहीत चढतो, अनामत ठेवावी लागते. परतताना आकडा जुळला की ती परत. घोळ बाटल्यांचा होत नाही. घोळ होतो चॉकलेटच्या कागदांचा आणि बिस्किटपुड्याच्या फाडलेल्या टोकाचा. त्यावरचा तुमचा उपाय साधा आहे: बोटीतच सगळा खाऊ स्टीलच्या डब्यात ओतायचा, वेष्टनं तुमच्या पिशवीत टाकायची. बारा जणांच्या गटाची मोजणी मग पाच मिनिटांत उरकते.

पाण्याचंही तसंच. पायथ्याच्या मारुतीजवळच्या ओढ्यानंतर चढाईत भरवशाचं पाणी नाही. माणशी दोन लिटर, फेब्रुवारीनंतर तीन. ऑक्टोबरात जळवा असतात. मोजे पँटच्या वर ओढायचे, चिकटलेली जळू उपटायची नाही, कडेनं नख घालून सरकवायची. अत्तर, स्प्रे आणि धूर वर्ज्य, कारण आग्या मोहोळ उठलं तर त्या झाडीत पळायला जागा नाही. गवा दिसला तर उभं राहायचं, त्याला जाऊ द्यायचं. नागेश्वरच्या गुहेतल्या देवळाकडे जाणाऱ्या फाट्यावर गड आणि नागेश्वर, दोन्ही ठिकाणं एका दिवसात करायचा मोह होतो. तो तुम्ही धक्क्यावरच मोडून काढता, हे फार चांगलं करता.

बाबुकड्यावर उभं राहिलं की कोकण थेट खाली दिसतं, पायाशी खेड तालुक्यातलं चोरवणे. आपलाच मुलूख वरून बघताना पाठीमागे शिवसागर असतो, आणि त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहूनच जातात. कोयना स्वतः कराडला कृष्णेला मिळते. पण या जलाशयाचं पाणी बोगद्यांतून सह्याद्री भेदून पोफळीला येतं, वीज करून कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत उतरतं आणि दाभोळच्या खाडीला जातं. कृष्णा पाणीतंटा लवादानं पश्चिमेकडे वळवायला दिलेलं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट). भर एप्रिलात चिपळूणला वाशिष्ठी वाहती दिसते ती या पाण्यामुळे. त्यासाठी तुमच्या खोऱ्यातली गावं आणि भातखाचरं पाण्याखाली गेली. इंजिन मंद करून हात दाखवत, "इथं खाली आमची वस्ती होती," असं तुम्ही सांगता, तेव्हा बोटीत कुणी बोलत नाही. आबा, आमच्या घरातला दिवा आणि नदीतलं पाणी तुमच्या त्या जमिनीवरून आलंय, हे आम्हाला ठाऊक आहे.

जानेवारीत बारा जण येतोय. यादी आणि झेरॉक्स तयार आहेत. तुमच्यासाठी कोकम आगळ आणतोय, काचेच्या बाटलीत, म्हणजे चौकीवरचा आकडा वाढायला नको.

आपले,
चिपळूणचे भटके