जुन्या ट्रकच्या तेलाची तपासणी कोकणातच व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोकणातल्या जुन्या ट्रकांची चर्चा निघाली की ती धूर, ब्रेक आणि महामार्गावरचे खड्डे यांच्यापुढे सहसा जात नाही. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. परंतु त्या तपासणीत इंजिनच्या आत झालेली झीज दिसत नाही, आणि मालकाला ती कळते तेव्हा बहुधा गाडी भरल्या मालासकट आंबा घाटात उभी असते. ही झीज आधी ओळखण्याचा एक मार्ग आहे. ऑइल बदलताना निघणाऱ्या तेलाचा लहानसा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यायचा, एवढेच ते काम. माझ्या वीस वर्षे जुन्या, चिरा म्हणजे बांधकामाचा जांभा दगड वाहणाऱ्या ट्रकसाठी मी गेली चार वर्षे हे करीत आहे, आणि त्याविषयी इतर मालकांना सांगावे म्हणून हे पत्र.

आपल्याकडे तेलाचा अंदाज रंगावरून आणि बोटांनी चोळून घेतला जातो. डिझेल इंजिनचे तेल मात्र बदलल्यावर थोड्याच दिवसांत काजळीने काळे होते, आणि काजळी स्वतःत धरून ठेवणे हे त्या तेलाचे कामच असल्यामुळे रंगावरून काहीही ठरवता येत नाही. प्रयोगशाळेत तेलात मिसळलेले धातू दशलक्ष भागांत किती भाग आहेत हे मोजतात. लोखंड लायनर (सिलिंडरचे आतले अस्तर) आणि क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) यांच्याकडून येते, क्रोमियम पिस्टनच्या रिंगांकडून, अॅल्युमिनियम प्रामुख्याने पिस्टनकडून, तर शिसे, कथील आणि तांबे बेअरिंगकडून. रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये इंजिनांच्या तेलाची अशी तपासणी नेहमीच्या देखभालीचा भाग आहे. रेल्वेने जे आवश्यक मानले, ते एका गाडीवर घर चालवणाऱ्याला अनावश्यक कसे ठरेल?

एका अहवालावरून मात्र निर्णय घेऊ नये, हे मी आग्रहाने सांगेन. लोखंड साठ आले हा आकडा एकटा निरर्थक आहे. ते तेल किती किलोमीटर चालले, मध्ये किती लिटर वरून घातले, आणि मागच्या दोन-तीन वेळी काय आले होते, हे शेजारी मांडल्यावरच त्याला अर्थ येतो. माझ्या गाडीचे लोखंड दर हजार किलोमीटरला पाचच्या आसपास असायचे. तिसऱ्या वर्षी ते एकदम अकरावर गेले, क्रोमियमही वाढले, आणि सिलिकॉन नऊवरून चौतीसवर पोहोचले. मिस्त्रींनी इंजिन उतरवायला सांगितले, आणि त्यांच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे. पण सिलिकॉन म्हणजे मुख्यतः धूळ, म्हणून आम्ही आधी हवेची वाट तपासली. एअर क्लीनरपासून इंजिनकडे जाणाऱ्या रबरी पाइपला क्लिपखाली चीर गेली होती आणि खाणीतली तांबडी धूळ तिथून थेट आत जात होती. पाइप आणि फिल्टर बदलले, तेलही लगेच बदलले, आणि पुढच्या दोन नमुन्यांत लोखंड सहावर स्थिरावले. इंजिन अजून उघडलेले नाही.

इथे कोकणाची एक खास गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. जांभ्यात लोह आणि अॅल्युमिनियम भरपूर असते, त्यामुळे चिरेखाणीवर चालणाऱ्या गाडीच्या तेलात या दोन्ही धातूंचा काही भाग झिजेचा नसून धुळीचाच असू शकतो. बाहेरच्या तज्ज्ञाला हे ठाऊक असेलच असे नाही. म्हणून नमुन्यासोबत गाडी कुठे चालते, काय वाहते, हेही लिहून पाठवावे.

खाऱ्या हवेचेही तसेच. माझ्या परिचयातील एक गृहस्थ बंदरावरून मासळी वाहतात. त्यांच्या अहवालात सोडियम आणि शिसे दोन्ही वाढलेले आले, तेव्हा सोडियम समुद्राच्या मिठाचे असेल असे सांगून गॅरेजने तो बाजूला ठेवला. पण सोबत पोटॅशियमही वाढले होते, आणि ही जोडी बहुधा कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे रेडिएटरमधले द्रव, तेलात उतरत असल्याची खूण असते. कूलंटच्या साहाय्याने तेल थंड करणारा ऑइल कूलर गळत होता. हंगाम संपेपर्यंत थांबू म्हणून त्यांनी गाडी चालवली आणि मे महिन्यात क्रँकच गेला. अहवाल हातात असूनही हे घडले, याचे मला आजही फार वाईट वाटते. याउलट, रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी विहिरीचे पाणी ओतणाऱ्यांना ही खूण मिळण्याची शक्यता कमी, कारण तिचा उगम कूलंटमध्ये मिसळलेल्या रसायनांत असतो. त्यांनी तेलातील पाण्याची तपासणी वेगळी मागून घ्यावी. एकटे तांबे वाढले, शिसे स्थिर असले, तर घाबरून बेअरिंग उघडू नये. ते पुष्कळदा ऑइल कूलरच्या नळ्यांमधून येते.

या तपासणीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. नेहमीच्या यंत्राला साधारण आठ मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे कण नीट दिसत नाहीत, म्हणून एखादा भाग मोठ्या तुकड्यांनी तुटत असेल तर अहवाल स्वच्छ येऊ शकतो. प्रत्येक वेळी जुना ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उजेडात पाहणे म्हणूनच आवश्यक आहे. नमुना गरम इंजिनमधून, चेंबरचा (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीचा) बोल्ट काढल्यावर पहिली धार जाऊ देऊन मधल्या धारेतून, कोरड्या बाटलीत घ्यावा. पावसाळ्यात बाटली कोरडी आहे याची खात्री करणे सोपे नसते, पण त्यात हयगय केली तर पाण्याचा आकडा फसवा येतो.

मूळ अडचण अंतराची आहे. मला नमुना मुंबईला पाठवावा लागतो, उत्तराला आठ-दहा दिवस लागतात, आणि एकेकट्या मालकाला कुरिअरचा खटाटोप नकोसा होतो. ट्रकमालकांच्या संघटनांनी तालुक्याच्या ठिकाणी नमुने गोळा करून आठवड्यातून एकदा एकत्र पाठवले तर खर्च विभागला जाईल. रत्नागिरी आणि मालवण येथील शासकीय तंत्रनिकेतनांनी निदान तेलाचा घट्टपणा आणि पाण्याचे प्रमाण मोजण्याची सोय गाडीवाल्यांसाठी अल्प शुल्कात खुली करावी, अशी माझी विनंती आहे. १५डब्ल्यू-४० या प्रतीच्या इंजिन तेलाचा घट्टपणा १०० अंश सेल्सिअसला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (घट्टपणा मोजण्याचे एकक) यांच्या दरम्यान असावा लागतो; तो खाली घसरला तर डिझेल फवारणाऱ्या नोझलमधून डिझेल तेलात उतरत असल्याचा संशय घेता येतो, आणि हे मोजायला फार महागडे यंत्र लागत नाही.

माझ्या गाडीचे चार वर्षांचे सर्व अहवाल मी जपून ठेवले आहेत. कोणत्याही संघटनेला किंवा तंत्रनिकेतनाला ते पाहायचे असल्यास मी स्वतः घेऊन येईन.

आपला,
एक ट्रकमालक, लांजा, जि. रत्नागिरी