वेंगुर्ल्याच्या मित्रास

मालवण

प्रिय मित्रा,

‘देवान माका सोडल्यान.’ तुझा एवढाच निरोप आला, आणि त्यानंतर तू फोन उचलत नाहीस. म्हणून पत्र लिहितोय. फोनवर ‘बरो आसंय’ म्हणून तू विषय संपवशील, कागद तरी शेवटपर्यंत वाचशील.

तुझ्या निरोपाचा मला रागही आला नाही आणि नवलही वाटलं नाही. वहिनींच्या आजारपणात तू काय काय केलंस ते मी पाहिलंय. बांबोळीच्या हॉस्पिटलच्या फेऱ्या, वॉर्डाबाहेर बाकावर काढलेल्या रात्री, नऊ दिवसांची नोव्हेना, घरातला रोजचा तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. डिसेंबरात सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला तू जुन्या गोव्यापर्यंत चालत गेलास, पायांना फोड आले तरी गाडीत बसला नाहीस. आणि ऐन पावसात वहिनी गेल्या. एवढं मागून ज्याच्या हाती काही लागलं नाही, त्याला ‘असं मनात आणू नये’ म्हणून मी सांगणार नाही.

पण कुणीतरी तुला म्हणालं म्हणे, विश्वास कमी पडला म्हणून त्या बऱ्या झाल्या नाहीत. हे मात्र डोक्यातून काढून टाक. बेथानीच्या मार्था आणि मरिया या बहिणींनी, भाऊ लाजर आजारी पडला तेव्हा, येशूकडे माणूस धाडला. विश्वास होता म्हणूनच धाडला ना? तरी तो होता तिथे आणखी दोन दिवस राहिला. पोचला तेव्हा लाजरला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था पुढे जाऊन त्याला वाटेतच गाठते आणि तिच्या तोंडून पहिलं काय निघतं? तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. मागून मरिया येते, तीही तेच म्हणते, जवळजवळ त्याच शब्दांत. त्या चार दिवसांत दोघी बहिणी घरात हेच बोलत असणार, मला तर खात्री आहे. तुमचा विश्वास कमी पडला म्हणून तो गेला, असं येशू त्यांना म्हणत नाही. तो रडतो.

तू म्हणशील, त्यांचा भाऊ परत आला, माझं माणूस नाही आलं. खरं आहे, आणि त्याला माझ्यापाशी उत्तर नाही. पण मार्था ते बोलली तेव्हा लाजर अजून कबरेतच होता. तोंडावर एवढं बोलून घेतल्यावरही प्रभू तिथून निघून गेला नाही. तुझं बोलणं ऐकूनही तो जाणार नाही, यावर माझा पूर्ण भरवसा आहे.

प्रार्थनेला बसलं की शब्दच सुचत नाहीत, असं तू वहिनींसाठी महिन्याने झालेल्या मिस्साच्या उपासनेनंतर म्हणाला होतास. बायबलमधलं स्तोत्र 88 काढ. दुःखाची बहुतेक स्तोत्रं शेवटाला वळण घेतात. तेरावंच बघ, ‘किती काळ मला विसरणार’ असं विचारत सुरू होतं आणि गाण्यावर येऊन थांबतं. अठ्ठ्याऐंशीवं वळत नाही. हा माणूस दिवसरात्र हाका मारतो. तू मला खोल खड्ड्यात टाकलंस म्हणतो, माझ्यापासून तोंड का लपवतोस विचारतो, माझी जिवाभावाची माणसं तूच दूर केलीस असं देवाला सुनावतो, आणि अंधारावर स्तोत्र संपतं. पुढे एक ओळ नाही. त्याच्या मथळ्यावर नाव आहे एज्राही हेमानचं, आणि बायबलमधल्या ‘इतिहास’ या पुस्तकात हेमान येतो तो मंदिरातल्या गायकांचा प्रमुख म्हणून. चर्चबाहेरच्या कुणाचं हे बोलणं नव्हे रे, उपासनेत पुढे उभं राहून गाणाऱ्याच्या नावावर ते लावलेलं आहे.

ज्यांनी पवित्र शास्त्र जपलं त्यांना हे स्तोत्र गाळता आलं असतं, शेवटी दोन गोड ओळी जोडता आल्या असत्या. त्यांनी तसं केलं नाही. उलट आपले फादर आणि सिस्टर झोपण्याआधी जी रात्रीची प्रार्थना म्हणतात, तिच्यात दर शुक्रवारी हेच स्तोत्र असतं. त्यांच्यातल्या कित्येकांचा तो दिवस चांगला गेलेला असेल, तरी ते हे शब्द म्हणतात, कारण ते शब्द कुणाचे ना कुणाचे त्या रात्री खरे असतात. या शुक्रवारी तू खाटेवर जागा असशील तेव्हा कुठल्यातरी कॉन्व्हेंटमध्ये तुझंच गाऱ्हाणं देवापुढे चाललेलं असेल.

रापणीचा दोर तू लहानपणापासून ओढतोयस. एखाद्याला धाप लागून तो वाळूत बसला, म्हणून बाकीचे जाळं टाकून घरी जात नाहीत. तुझ्याने तेर्स होत नसेल तर सध्या राहू दे. आमच्याकडे संध्याकाळी होतो, त्यात एक रहस्य, म्हणजे तेर्साचा एक भाग, वहिनींसाठी असतं आणि एक तुझ्यासाठी.

आणि येशूचं क्रुसावरचं वाक्य. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ गुड फ्रायडेला आपण ते इतक्यांदा ऐकलंय की कानावरून निघून जातं. बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशातून वाणी झाली होती, डोंगरावर रूपांतराच्या वेळीही झाली होती. या हाकेला मात्र वरून काहीच उत्तर आलं नाही. जवळ उभ्या असलेल्यांपैकी काहींना तर वाटलं, हा एलिया संदेष्ट्याला बोलावतोय. शेजारी उभं राहूनही त्यांना कळलं नाही, तर तुला विश्वासाचा हिशेब विचारणाऱ्यांना तुझं दुःख कळत नाही याचं काय नवल? ज्याच्यापुढे मेणबत्ती लावायला तुझं मन धजत नाही, त्यानेच मरताना तुझा प्रश्न विचारलाय.

मदर तेरेसांची खाजगी पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, 2007 साली, प्रसिद्ध झाली. कोलकात्याच्या गरिबांत काम सुरू झाल्यापासून पुढची जवळपास पन्नास वर्षं, मधला थोडा काळ सोडला तर, देव जवळ असल्याचं त्यांना जाणवतच नव्हतं. तरी त्या रोज पहाटे प्रार्थनेला बसत होत्या. त्यांना देवाने टाकलं होतं असं आज कोण म्हणेल? मग तुझ्याबद्दलच तू ते इतकं ठामपणे का धरून बसलायस?

आता खाण्याचं. एलिया झुडपाखाली पडून ‘मला मरण दे’ म्हणाला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा कुजा होता. तो खाऊन झोपला, तर पुन्हा उठवून आणखी खायला लावलं, कारण वाट लांब होती. तू दिवसाला एकदाच पेज घेतोस असं तुझ्या भावाकडून कळलं. ते चालणार नाही. झोप येत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर मला अपरात्रीही फोन कर. आपण डॉक्टरकडे जाऊ. त्याने तुझ्या विश्वासाला काही उणेपणा येत नाही.

नारळी पौर्णिमा होऊन गेली, सगळ्यांच्या होड्या पाण्यात गेल्या, तुझी अजून झापांखाली आहे. घाई नाही. 2 नोव्हेंबरला फादर कबरींना आशीर्वाद द्यायला येतील, तेव्हा वहिनींच्या कबरीपाशी मी तुझ्या बाजूला असेन. तुझ्या तोंडून प्रार्थना निघाली नाही तर मी म्हणेन.

त्याआधी या शनिवारी येतोच आहे. हिने तुझ्यासाठी बांगड्याचं तिखलं करून द्यायचं ठरवलंय, तू फक्त भात टाकून ठेव. सकाळच्या एस.टी.ने निघतो, म्हणजे जेवणाच्या वेळेपर्यंत पोचेन.

तुझाच