काळोख बघायला बोलावलंत, वर हायमास्ट लावलात

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय, सप्रेम नमस्कार.

आपला वेळ मोलाचा आहे म्हणून थोडक्यात लिहिणार होतो. पण एका राष्ट्रीय उद्यानाच्या गेटाजवळ झालेल्या आकाशदर्शन महोत्सवातून परतल्यापासून माझा राग काही उतरत नाही, तेव्हा पत्र लांबलं तर सांभाळून घ्या. राज्यात राष्ट्रीय उद्यानं सहा. त्यातलं हे कुठलं, ते मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर साहेबांना कोणी विचारणार नाही, गेटावरच्या रोजंदारीच्या पोराचं काम तेवढं जाईल.

जाहीर झालेली तारीख मार्गशीर्ष अमावास्येची होती. ती पुढे ढकलली, कारण प्रमुख पाहुणे मोकळे नव्हते. नवी तारीख निघाली पौष शुद्ध त्रयोदशी. पौर्णिमा दोन दिवसांवर, साहेब! आणि पत्रिकेत छापलेलं काय, तर आकाशगंगेचा पट्टा आणि देवयानी दीर्घिका, चंद्राच्या उजेडात पुसून जाणारी दोन्ही. मी फोन केला, मेल केला. आयोजकांकडून उत्तर आलं, ‘‘सर, चंद्रपण आकाशातच असतो ना.’’ यावर वाद घालायला माझ्याकडे विज्ञान उरलं नाही.

मी तालुक्याच्या शाळेत शिकवतो. पोरांना घेऊन गेलो होतो, माणशी शुल्क भरून. त्यातल्या काहींचे आईबाप मजुरीला जातात, त्यांनी ते पैसे कसे काढले मला ठाऊक आहे. आठ इंची दुर्बीण माझी स्वतःची. तिचा आरसा मी हाताने घासलाय, कित्येक महिने, घरच्यांची बोलणी खात. त्या रस्त्यावरून तो मांडीवर धरून नेला. रस्त्याबद्दल वेगळं पत्र लिहावं लागेल. पोरांच्या टॉर्चना लाल जिलेटिन कागद रबरबँडनं बांधून दिला होता, कारण अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाचा एक झोत ती मेहनत क्षणात धुऊन टाकतो.

तिथे झोत किती होते म्हणता? स्टेजवरून शार्पी, म्हणजे लांबवर झोत फेकणारे दिवे, आभाळात फिरत होते. डीजे. पाहुण्यांचा फ्लेक्स, त्यावर खालून मारलेले हॅलोजन, म्हणजे मृग नक्षत्र दिसलं नाही तरी चेहरा दिसायला हवा. शाल-श्रीफळाचा कार्यक्रम दोन तास तरी चालला असेल. तीनशे माणूस, कदाचित जास्तच. मग माईकवरून पुकारा झाला, ‘‘दुर्बीणवाले काका, लवकर दाखवून घ्या, जेवण गार होतंय.’’ सोफे स्टेजवर होते. मी दवानं ओल्या गवतात गुडघे टेकून दुर्बीण लावत होतो. एक गुडघा अजून सुजलेला आहे. सातवीतला एक पोट्टा आयपीसवरून डोळा काढून म्हणाला, ‘‘सर, चंद्र तं आमच्या घरूनबी दिसते.’’

खरी गंमत पहाटेची. पाचच्या आसपास चंद्र मावळला. उजाडायच्या आधी जेमतेम अर्धा तास काळोखाचा मिळणार होता. या दिवसांत त्या वेळी दक्षिणेला क्षितिजालगत त्रिशंकू हा तारकासमूह दिसतो, त्याच्या थोडा वर ओमेगा सेंटॉरी हा लाखो ताऱ्यांचा गुच्छ. पोरांना उठवलं, पांघरुणासकट बाहेर आणलं. आणि बरोब्बर दक्षिणेला हायमास्ट! पांढराफेक, रिकाम्या पार्किंगवर रात्रभर जळत होता. चौकीदाराला विनवलं. तो बिचारा म्हणाला, ‘‘चावी ठेकेदारापाशी हाये सर, अन् तो शहरात राह्यते.’’ सप्तर्षी तेवढे ठळक म्हणून दिसले. ते बघून एक मुलगी म्हणाली, आजी याला बाज म्हणते, म्हणजे खाट, आणि मागचे तीन तारे म्हणजे ती बाज पळवायला आलेले चोर. गोंड वस्त्यांमधली ही जुनी गोष्ट. त्या आजीला स्टेजवर बोलवावं असं कोणाला सुचलं नाही. सुचणार कसं? तिच्याकडे पीपीटी नाही.

आता म्हणाल, सरकार काय काय करणार? आपल्याच राज्यात झालंय, साहेब. जानेवारी 2024 मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्प देशातला पहिला डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपणारं उद्यान, ठरला. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभरावर दिवे बदलून उजेड जमिनीकडे वळवला. लडाखात हानलेला 2022 मध्ये काळोख राखून ठेवला, गावातल्याच पोरापोरींना दुर्बिणी दिल्या, शिकवलं. आता पाहुण्यांना आकाश तेच दाखवतात. इथे मात्र कंत्राट इव्हेंट कंपनीला.

जगभरातल्या हौशी लोकांच्या नोंदींवरून 2023 मध्ये हिशेब निघाला की रात्रीचं आकाश वर्षाला जवळपास 10 टक्क्यांनी उजळत चाललंय. पांढऱ्या एलईडीतला निळा उजेड हवेत जास्त विखुरतो, आणि आपल्याकडे विकास मोजतात तो पांढऱ्या एलईडीनेच. लाउडस्पीकरला 2000 सालापासून नियम आहेत, पाळत नाहीत ती गोष्ट वेगळी. उजेडासाठी कोणता कायदा? भंडारदऱ्याला दर उन्हाळ्याच्या शेवटी काजवे बघायला गाड्यांची रांग लागते, हेडलाइट चालू, मोबाइलचे फ्लॅश चालू. काजवा बिचारा उजेडानेच जोडीदार शोधतो. त्याने कुठे अर्ज करायचा?

आणि ज्यांना काळोख नको, त्यांना तो आपण फुकट देता. आमच्या पट्ट्यात शेतीपंपाला रात्रीची पाळी येते. दिवसा वीज देऊ हे 2017 च्या सौर कृषी वाहिनी योजनेपासून ऐकतोय. रानाच्या कडेला माणूस काठी आणि बॅटरी घेऊन गव्हाला पाणी द्यायला जातो, बिबट्या कुठे बसलाय ते त्याला दिसत नाही. गेटावर मात्र रिकाम्या पार्किंगला दिवा. ही कुठली वाटणी झाली?

मागणी फार मोठी नाही. तारीख ठरवताना कोणीतरी पंचांग उघडावं. गेटावरच्या दिव्यांना झाकण आणि पिवळट बल्ब लावा, चावी चौकीदाराकडे ठेवा. बफरमधल्या, म्हणजे जंगलाच्या कडेच्या पट्ट्यातल्या, गावांतल्या मुलांकडून शुल्क घेऊ नका. शाल नको, डीजे तर नकोच.

यावेळचं शुल्क आयोजकांनी परत करावं म्हणून मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र आपल्या कार्यालयाला वेगळं रजिस्टर केलंय. निदान त्याची पोच तरी द्या.

आपला,
एक विज्ञान शिक्षक (‘दुर्बीणवाले काका’)